तुझी अट मिळाली

११ जून

राजा,

तुझी अट मिळाली. सूनबाईंनी फोनवर वाचून दाखवली, कारण तुला स्वतः बोलायचं नव्हतं. 'ती त्या घरात असेपर्यंत आम्ही तिघं त्या घराची पायरी चढणार नाही.' वाचताना बिचारीचा आवाज कापत होता. मी म्हटलं, "तू कशाला घाबरतेस? तू नुसती पोस्टमन."

मीही फोनच केला असता, पण तू मध्येच तोडतोस. पत्र तोडता येत नाही, फार तर फाडता येतं. फाडायचंच असेल तर आधी वाच.

हे परवानगी मागायचं पत्र नाही, कळवायचं आहे. तुझी बहीण काल सुटली. मी लॉन्ड्री बंद ठेवून तुरुंगाच्या दारात गेले आणि तिला घरी घेऊन आले.

त्या मोठ्या दरवाजात एक छोटं दार आहे. त्यातून बाहेर यायला वाकावं लागतं. ती वाकून आली आणि बाहेर आल्यावरही पुरती सरळ झालीच नाही. हातात प्लॅस्टिकची पिशवी, अंगावर निकालाच्या दिवशीचेच कपडे, आता दोन माप मोठे झालेले. मला बघून म्हणाली, "दुकान बंद ठेवून कशाला आलीस?" मी म्हटलं, "दुकान माझं आहे. माझ्या मर्जीने उघडतं, माझ्या मर्जीने बंद होतं." घरी आल्यावर उंबऱ्याशी उभी राहिली आणि विचारलं, "चपला कुठे काढू?" ज्या घरात रांगली त्या घरात. मला राग आला. तिचा नाही. कोणाचा, ते अजून ठरत नाही.

तू म्हणशील, आईला विसर पडला. मला काय विसर पडणार, राजा? भरदुपारी पिऊन तिने तुझ्या लेकीला शाळेतून गाडीत घेतलं. गाडी पुलाच्या कठड्यावर घातली. हिला खरचटलं आणि आमच्या भिंगरीचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तुला एक गोष्ट माहीत नाही, ती सांगते. त्या दिवशीचा तिचा गणवेश दवाखान्यातून माझ्या हाती आला. मी तो धुतला. धंदाच तो माझा, दुसरं काय सुचणार? सगळे डाग निघाले. निघाले म्हणूनच मग मी तो जाळला.

तेव्हा मला कोणी भिंगरीच्या पायाची आठवण करून देऊ नये. तूही नाही.

तिला शिक्षा व्हायला हवी होती, झाली. मी त्याविरुद्ध अवाक्षर काढलं नाही. पण सरकारची शिक्षा संपली की घरच्यांनी आपली वेगळी सुरू करायची, हे कुठल्या कायद्यात बसतं? आणि तू कुठे कायद्याचा माणूस? तू कृपेचा माणूस. दर रविवारी चर्चमध्ये उभा राहून लोकांना सांगतोस की देव प्रेम करताना अटी घालत नाही. मग तुझ्या घरी ही अट आली कुठून? त्याच्याकडून तर आली नसणार.

तू अट घातलीस म्हणून मी उलट अट घालणार नाही. 'आलास तर माझा, नाहीतर नाही,' असलं काही माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही तुला. ये, नको येऊस, ओरड, गप्प बस. तू माझा थोरला आहेस आणि त्यात काही बदलायचं तुझ्या हातात नाही.

आई


३० जून

राजा,

तुझा माणूस येऊन गेला. हो, तुझाच. तू आमच्या चर्चच्या पाळकांना फोन केलास हे त्यांनी चहाच्या पहिल्याच घोटाला सांगून टाकलं. भला गृहस्थ आहे, पोटात काही राहत नाही.

गिऱ्हाइकांची गाठोडी बाजूला सरकवून स्टुलावर बसले. म्हणाले, "बाई, देवाचं प्रेम अमर्याद आहे. पण मंडळीला काही शिस्त असते."

मी विचारलं, "पाळकसाहेब, 'पण'च्या आधीचं देवाचं. नंतरचं कोणाचं?"

त्यांना हसू फुटलं, मग आपण हसायला आलेलो नाही हे आठवलं. म्हणाले, "तिने एका रविवारी पुढे यावं, चार शब्दांत पश्चात्ताप बोलून दाखवावा. मग कोणाला तोंड उघडायला जागा राहणार नाही."

"आणि नाही बोलली तर?"

"तर काही दिवस उपासनेला न आलेलं बरं."

तुझी धाकटी बहीण आत टांगलेल्या चादरींमागे होती. तिथूनच म्हणाली, "मी बोलते आई. तुझा त्रास थांबणार असेल तर बोलते."

मी म्हटलं, "तू गप्प बस." मग पाळकांकडे वळले. "तिने जे करायचं ते केलं, आणि कोर्टात एकूण एक कबूल केलं. वकील खोटं बोल म्हणत होता तरी केलं. जिची माफी मागायची ती पोर दुसऱ्या गावात आहे. तुमच्या क्वायरमध्ये गाणाऱ्या मावशींचा कुठला पाय गेलाय, की त्यांच्यासमोर हिने हात जोडावेत? आणि मला एक सांगा, देव काय म्हणाला? आधी चार शब्द बोल, मग तुझ्यासाठी मरतो? आपल्याला तोंड उघडायची बुद्धी व्हायच्या आत तो वधस्तंभावर गेला होता."

"तुम्ही फार सोपं करून टाकता, बाई."

"सोपं? एकदा तिच्या शेजारी जेवायला बसा. आमटीत मीठ नसलं तरी ती मागत नाही. तशीच गिळते. आपल्याला मागायचा हक्क नाही असं तिला वाटतं. हे रोज बघायचं, ते सोपं वाटतं का तुम्हाला?"

ते उठले. जाताना धाकटीला "येतो हं" म्हणाले, एवढं श्रेय त्यांना देते.

तिसऱ्या दिवशी क्वायरच्या मावशी दोघींना घेऊन हजर. क्वायरचे झगे परत हवेत म्हणाल्या. तुझे बाबा होते तेव्हापासून ते झगे आपल्याकडे धुतले जातात. मी म्हटलं, "टबात आहेत." म्हणाल्या, "असू देत." मी म्हटलं, "निदान पिळून तरी न्या." नाही. ओलेच नेले. गाडीच्या सीटवरून फूटपाथपर्यंत पाणी गळत होतं आणि धाकटी दारात उभी राहून ते बघत होती. मी तिला म्हटलं, "बघतेस काय? एक काम कमी झालं."

आम्ही दर रविवारी जातो. जाणारच. आमच्या बाकावर आता दुसरं कोणी बसत नाही. ऐसपैस झालंय. माझ्या गुडघ्यांना फार बरं.

भिंगरीला नवा पाय बसवलाय असं सूनबाई म्हणाल्या. टोचत नाही ना? आत सुती मोजा घालायला सांग, नायलॉनचा नको.

आई


१९ ऑगस्ट

राजा,

इकडे सगळं ठीक. धाकटी कामाला चांगली लागली आहे. कॉलर-कफवर तिचा हात बसलाय. तब्येतही भरते आहे. चिंता नसावी.

या वरच्या ओळी खोट्या आहेत. खोडत नाही. तुझ्याशी खोटं बोलायची पाळी माझ्यावर का यावी, याचा तूही थोडा विचार कर.

ती प्यायली. लॉजच्या चादरी पोचवायला पाठवली होती, परत आली ती वास घेऊनच. मला टाळून मागे बॉयलरकडे गेली आणि भिंतीला टेकून बसली. मी समोर उभी राहिले तर वर बघून हसली. ते हसणं मला सहन झालं नाही. पुलावर गाडी घातली तेव्हाही अशीच हसली असेल, असं डोक्यात आलं आणि मी तिच्या थोबाडीत मारली. म्हटलं, "निघ. माझ्या घरातून निघ." अगदी तुझ्या आवाजात म्हटलं. तू तिथे असतास तर खूश झाला असतास.

ती गेली. तीच प्लॅस्टिकची पिशवी घेऊन, एका शब्दाने न भांडता. जणू हे कधीतरी होणार हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

मी इस्त्री करत राहिले. एक चादर जाळली. या धंद्यात मी म्हातारी झाले, पण चादर जाळली नव्हती कधी. त्या काळ्या डागाकडे बघत उभी राहिले आणि मला कळलं की माझ्या प्रेमाला तळ आहे. आईच्या प्रेमाला अंत नसतो म्हणतात ना? म्हणणाऱ्यांना म्हणू दे. मला त्या दुपारी तळ दिसला, चांगला कोरडा ठणठणीत.

मग मी दुकानाला कुलूप लावून बाहेर पडले. का, ते विचारू नकोस. प्रेमाने गेले असं म्हणणार नाही, कारण त्या वेळी माझ्यापाशी ते शिल्लकच नव्हतं. पाय तेवढे चालत होते. कोणीतरी मला चालवत होतं. आणि माझं आटलं म्हणून त्याचंही आटत नाही, एवढं मला त्या चालण्यात कळलं.

बसस्टँडवर शेवटच्या बाकावर सापडली. दारू उतरली होती. शेजारी बसले तर म्हणाली, "जा ना आई. मी पुन्हा पिईन."

"पिशील."

"मग?"

"मग मी पुन्हा शोधायला येईन. फक्त गावात पी. बाहेरगावी प्यायलीस तर मला बस बदलावी लागते."

ती रडायला लागली. मी रडले नाही. मला भूक लागली होती. आम्ही स्टँडवरच पाव खाल्ला आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात दारू सोडवणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. आता दर आठवड्याला जायचं आहे. गल्ल्याची किल्ली माझ्या गळ्यात. चादरी पोचवायला मी सोबत जाते. गाडीला हात लावायचा नाही, कधीच नाही.

तू लगेच म्हणशील, "बघ आई, तूही अटी घातल्यासच." नाही, राजा. अट म्हणजे, मोडलीस तर तू माझी नाहीस. कुलूप म्हणजे, मोडशील हे मला माहीत आहे आणि तरी तू माझी आहेस. तू एवढं शिकलास, तुला हा फरक कळत नसेल तर तुझ्या शिक्षकांना दोष दे.

देवाला काय आपलं दिसत नाही? सगळं दिसतं. आंधळं प्रेम माणसाचं असतं. डोळे उघडले की ते संपतं. त्याचे डोळे पहिल्यापासून उघडेच आहेत.

हे सगळं तुला सांगितलं नसतं तर तुझा मुद्दा दुबळा राहिला असता. आता तो बळकट झालाय. घे, वापर. मी माझ्या जागेवरून हलत नाही.

आई


५ ऑक्टोबर

राजा,

निमंत्रण मिळालं. त्या मोठ्या मंडळीचा मुख्य पाळक म्हणून तुझ्यावर हात ठेवून तुझी नेमणूक करणार. तुझे बाबा असते तर नळाचे पान्हे टाकून रस्त्यावर नाचले असते. मीही स्वयंपाकघरात थोडं नाचले. गुडघे नको म्हणाले तरी.

मग पाकिटातली चिठ्ठी वाचली. 'आई, पहिल्या रांगेत तुझी खुर्ची आहे. एकटीच ये.'

एकटीच. एवढाच शब्द वेगळ्या ओळीवर लिहिलास. लहानपणी तुझं अक्षर गिचमिड होतं. आता फार सुरेख झालंय. त्यामुळे चुकून वेगळं वाचलं, असंही म्हणता येत नाही.

ऐक तर. मी येणार, आणि तिला घेऊन येणार. पहिल्या रांगेतली खुर्ची दुसऱ्या कोणाला दे. आम्ही शेवटच्या बाकावर बसू. धाकटी नको म्हणते आहे. "दादाचा दिवस आहे, मी कशाला त्याच्या डोळ्यांत खुपू?" मी तिला म्हटलं, देवाच्या घराच्या दाराला तुझ्या दादाने कडी बसवलेली नाही. बसवली असेल तर मला ती बघायचीच आहे. कोणाला अडवायला उभं करणार असशील, तर दुसऱ्याला करू नकोस. तू स्वतः उभा राहा. मला माझ्या मुलाने अडवलेलं चालेल. पगारी माणसाने अडवलेलं चालणार नाही.

तू पाठवलेला झगाही मिळाला. त्याच्या चुण्या दुसऱ्या कोणाला जमत नाहीत हे तू लिहिलंस, ते मात्र खरं आहे. धुऊन, चुण्या घालून पाठवते आहे. रागाच्या भरात एकही चुणी वाकडी घातलेली नाही, तपासून घे.

आणखी एक. सांगितलं नसतं तर तुला कधीच कळलं नसतं, पण मला लपवाछपवीचा कंटाळा आलाय. पुढच्या चुण्या माझ्या. पाठीवरच्या तिच्या आहेत. दिवसभर घालत होती. मधेच पाणी प्यायला उठली तर हात आधी साबणाने धुऊन आली. आता अंगावर घालायचा की नाही, ते तुझं तू ठरव.

आई


२१ ऑक्टोबर

राजा,

तू व्यासपीठावर होतास. तिथून तुला जे दिसलं नाही, ते सांगते.

दारावरचे काका मला म्हणाले, "तुमची खुर्ची पुढे आहे." मग धाकटीकडे बघून, "यांची..." मी म्हटलं, "यांची नाही ना? मग माझीही नको." त्यांनी अडवलं नाही. नजर खाली करून वाट दिली. तू कोणाला उभं केलं नव्हतंस, एवढं मी ओळखलं आणि मला बरं वाटलं.

तू आत आलास. अंगावर कोणाचा तरी आखूड झगा होता, घोटे दिसत होते. धाकटीने बघितलं. मला म्हणाली, "माझ्यामुळे नाही आई, त्याला चुण्या आवडल्या नसतील." ती असं बोलते तेव्हा मला तिचा राग येतो.

दुसरं गाणं चालू असताना पुढच्या रांगेतून भिंगरी उठली. सूनबाईंनी तिची बाही धरली, ती तिने सोडवली. मधल्या वाटेने सरळ आमच्याकडे आली. पोर ताडमाड वाढलीय रे. तुझ्या बाबांची चाल आहे, नव्या पायावरसुद्धा. आमच्या बाकापाशी येऊन म्हणाली, "आत्या."

धाकटी ताडकन उभी राहिली.

"उभी नको राहूस. मी तुला माफ केलेलं नाही."

"बरं."

"कधी करीन तेही माहीत नाही."

"बरं."

"सरक मग. उभं राहिलं की पाय रुततो."

ती बसली. तू प्रवचन सुरू केलंस. देवाचं प्रेम कसं मोजता येत नाही त्यावर. छान बोलत होतास, खरंच. पण त्या दोघी ऐकत नव्हत्या. भिंगरीने हळूच विचारलं, "त्या दिवशी गाडीत तू मला कसली गोष्ट सांगत होतीस? अर्धीच राहिली."

धाकटी म्हणाली, "मला आठवत नाही, बाळा. मी प्यायलेली होते."

दुसरं कोणी असतं तर काहीतरी रचून वेळ मारून नेली असती.

भिंगरी म्हणाली, "मला आठवते. एक जिराफ असतो. त्याला थंडी वाजते. त्याची आजी त्याला मफलर विणायला बसते, पण मान संपतच नाही. गावातली लोकर संपते. तिथेच राहिली."

"मग?"

"मग काय? तू सांग पुढे."

"आता सुचेल ते सांगू?"

"सांग."

धाकटी म्हणाली, "मग आजी म्हणते, मेल्या, तू आधी खाली बस."

दोघी एकदम फिसकन हसल्या. तेच हसणं तुला वर ऐकू आलं. तू बोलता बोलता थांबलास. अख्ख्या सभेने मागे वळून बघितलं आणि तू आमच्या बाकाकडे बघत राहिलास. कागदावर पुढचं वाक्य होतं, तरी ते तुला सापडेना. मी तुझ्याकडेच बघत होते. त्या वेळी तू मला पाळक दिसला नाहीस. जिन्यात पडून गुडघा फोडून घेतलेला आणि रडावं की नाही ते न कळलेला माझा मुलगा दिसलास.

नंतर तू मागे आलास. बहिणीकडे बघितलं नाहीस. माझा हात धरून म्हणालास, "आई, मला नाही जमत. मी सगळ्यांना सांगतो, पण मला स्वतःला नाही जमत."

मी काय म्हटलं ते गर्दीत तुला नीट ऐकू आलं नसेल, म्हणून लिहिते. मी म्हटलं, नाही जमत तर नको जमवूस. त्या व्यासपीठावरून तू तासभर बोललास, त्यापेक्षा हे एक वाक्य खरं होतं. आपल्याला जमत असतं तर त्याला खाली उतरायची गरज काय होती?

आई


१७ नोव्हेंबर

राजा,

काल रात्री तुझा निरोप आला. 'येऊन चूक झाली. पाळकाला शोभणारं वागणं नव्हतं. क्षमा असावी.'

तुला कसली क्षमा हवी? मी तुझ्यावर उलट खूश आहे.

भिंगरीने शनिवारी आजीकडे जायचंच म्हणून हट्ट धरला आणि तिला एकटीला सोडवेना म्हणून तू सोबत आलास, हे मला कळतं. ते तुझं बरोबरच होतं. बापाने पहारा द्यावाच. मी तुला बस म्हटलं, तू बसला नाहीस. पाणी दिलं, घेतलं नाहीस. काउंटरला पाठ लावून उभा राहिलास, आपल्याच दुकानात गिऱ्हाईक असल्यासारखा. धाकटी स्टीम प्रेसवर होती. भिंगरी तिच्या शेजारी उभी राहून वाफ कशी सोडायची ते विचारत होती. पोरीने प्रेसच्या तापलेल्या पेडलवर नवा पाय ठेवला आणि म्हणाली, "पप्पा बघ, या पायाला भाजतसुद्धा नाही!"

त्यावर तू फुटलास.

किती वर्षांचं साठलेलं होतं रे ते! प्रेसचा आवाज एवढा, की तुला त्याच्यावर ओरडावं लागत होतं. "तिला जो पाय नाही त्याचा अंगठा खाजतो, माहीत आहे तुला? ती रडत उठते आणि मला म्हणते पप्पा खाजव, मी कुठे खाजवू?" एक गिऱ्हाईक शर्ट घ्यायला आलं होतं, ते उंबऱ्यावरूनच परत फिरलं. तुझ्या बहिणीने हात पुढे करून प्रेस बंद केला. मला वाटलं ती पळून जाते आता. पण तिने आवाज थांबवला, तुझा शब्द न शब्द नीट ऐकू यावा म्हणून. आणि हात बाजूला सोडून तुझ्यासमोर उभी राहिली.

तू बोलत राहिलास. खेळाच्या तासाला भिंगरी सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसते, ते. सूनबाई अजून त्या पुलावरून जात नाहीत, लांबच्या रस्त्याने जातात, ते. शेवटी तू म्हणालास, "मी लोकांना प्रेम सांगतो आणि घरी तुझं नाव निघालं की ताट सरकवतो. मला ढोंगी केलंस तू. माझा देवसुद्धा तू माझ्याजवळ ठेवला नाहीस."

मी मध्ये पडले नाही. आई म्हणून मी पडायला हवं होतं, असं कोणी म्हणेल. म्हणू दे.

तू थांबलास तेव्हा ती म्हणाली, "अजून असेल तर सांग, दादा."

'माझी शिक्षा झाली' म्हणाली नाही. 'मीही सोसलंय' म्हणाली नाही. तू चादरींच्या गाठोड्यावर बसलास. भिंगरी तुझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "पप्पा, अंगठ्याचं तू मला कधी सांगितलंच नाहीस, की तुला एवढं वाईट वाटतं म्हणून." तू तिला जवळ घेतलंस. मी चहा टाकला. तू अर्धा प्यायलास आणि तिला घेऊन निघून गेलास.

आणि आता म्हणतोस चूक झाली.

ऐक. इतकी वर्षं तू शोभेसं वागलास. शोभेशी पत्रं, शोभेशी प्रवचनं, शोभेशी अट. त्या शोभेच्या खाली तू कुजत होतास आणि मला दिसत होतं. शनिवारी तू पहिल्यांदा तुझ्या बहिणीशी बोललास. शिव्या दिल्यास म्हण हवं तर, पण तिच्या तोंडाकडे बघून दिल्यास. मेला म्हणून सोडून दिलेल्या माणसावर कोणी ओरडत नाही.

आणि तुझा देव तिने हिरावला नाही. कोणाच्या बापाची बिशाद आहे? तुला वाटतं त्याच्यासमोर जाताना आधी मन साफ हवं, क्षमा करून झालेली हवी, झगा परीटघडीचा हवा. मी परटीण आहे, मला विचार. लोक माझ्याकडे धुतलेले कपडे आणत नाहीत. जा त्याच्याकडे, आणि शनिवारी ओरडलास तसा ओरड. तिला मी क्षमा करणार नाही असं म्हणायचं असेल तर तसं त्याच्या तोंडावर म्हण. तो तुला बाहेर काढणार नाही. जिने पोरीचा पाय घालवला तिला त्याने टाकलं नाही, तो तुझ्या रागाला काय घाबरणार?

धाकटी आज प्यायलेली नाही. उद्याचं मला माहीत नाही. तुलाही नाही. तेवढ्यासाठी थांबू नकोस.

तू कधी तिला क्षमा करशील, मी विचारणार नाही. भिंगरीलाही विचारणार नाही. त्याला तुमचा वेळ लागू दे, सगळं आयुष्य लागलं तरी लागू दे. मी तुम्हा दोघांची आई आहे आणि दोघांपैकी एक निवड असं मला कोणी सांगू नये. सांगितलंच तर मी काय करते ते तू जूनपासून बघतोच आहेस.

रागासकट ये.

आई

ता.क. धाकटी म्हणते आहे, येत्या शनिवारी तू येणार असशील तर ती प्रेस सुरूच करणार नाही. म्हणजे तुला ओरडून बोलावं लागायचं नाही.